किती सिटिंग, कशाचे पैसे? सायटिकाच्या फिजिओथेरपीचा खर्च

कमरेतून निघालेली कळ नितंबातून मांडीच्या मागच्या बाजूने पोटरीत उतरते, पावलाला मुंग्या येतात, खुर्चीत दहा मिनिटे धड बसवत नाही. डॉक्टर गोळ्या देतात आणि चिठ्ठीच्या तळाशी ‘फिजिओथेरपी’ असे लिहितात. ती चिठ्ठी घेऊन माणूस घराजवळच्या क्लिनिकमध्ये जातो आणि पहिला प्रश्न कानावर पडतो, ‘‘दहा सिटिंगचे पॅकेज घेणार की वीसचे?’’ अजून कुणी पाय उचलून पाहिलेला नसतो, कोणता व्यायाम द्यायचा हे ठरलेले नसते. रक्कम मात्र ठरते. कळा सोसणारा माणूस अशा वेळी घासाघीस करत नाही, म्हणून चार गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

माझे म्हणणे थोडक्यात असे. सायटिकाच्या उपचारात ज्याचा उपयोग सर्वांत जास्त, ते बहुधा सर्वांत स्वस्त असते. नीट केलेली तपासणी, तुमच्या दुखण्याला साजेसे दोन-तीन व्यायाम आणि दर आठवड्याला ते पारखून बदलून देणारा माणूस, एवढ्यासाठी पैसे मोजावेत. बिल फुगते ते यंत्रांमुळे आणि रोजच्या फेऱ्यांमुळे, आणि त्यांच्या बाजूने असलेला पुरावा सर्वांत कच्चा आहे.

याचे कारण दुखण्याच्या स्वभावात आहे. सायटिका बहुतेक वेळा कमरेच्या सर्वांत खालच्या दोन चकत्यांपैकी एखादी बाहेर येऊन शेजारच्या मज्जातंतूच्या मुळाला डिवचते त्यामुळे होते. आपल्याकडे याला ‘गादी सरकली’, ‘नस दबली’ असे म्हणतात. ते ऐकून एखादी वस्तू जागची हलली आहे आणि कुणीतरी ढकलून ती परत बसवायची आहे, असे वाटू लागते. प्रत्यक्षात चकतीचा बाहेर आलेला भाग शरीर पुष्कळदा हळूहळू शोषून घेते, नसेची सूज उतरते आणि बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यांत बरीच ओसरते. त्याच काळात रोज मशीनखाली झोपलेल्या माणसाला वाटते, मशीनने बरे केले. मग फिजिओथेरपी कशासाठी? त्या आठवड्यांत तुम्ही अंथरुणाला खिळू नये, पायातली ताकद जाऊ नये, कामावर लवकर परतावे आणि दुखणे वाईट वळण घेत असेल तर कुणाच्या तरी ते वेळीच लक्षात यावे, यासाठी. हे काम मोठे आहे आणि त्याचे पैसे देणे रास्तच आहे.

आधी हे पाहा, मग दर विचारा

काही लक्षणे दिसली तर फिजिओथेरपीची अपॉइंटमेंट न घेता थेट मोठे रुग्णालय गाठायचे असते. लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत आणि बसायच्या जागेभोवती बधिरपणा येणे, दोन्ही पाय एकदम लुळे पडू लागणे ही मणक्याच्या शेवटच्या टोकाशी असलेल्या नसांचा जुडगा दाबला गेल्याची चिन्हे आहेत. इथे तासांचा हिशेब असतो; उशीर झाला तर नुकसान कायमचे राहू शकते. पाऊल वर उचलले जात नसेल, चालताना चप्पल निसटून जात असेल, तर तेही दोन-चार दिवस थांबण्यासारखे नाही. पूर्वी कर्करोग झालेला असणे, ताप, विनाकारण घटलेले वजन, पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे, यांपैकी काही असले तर आधी डॉक्टर, नंतर बाकी सगळे.

घरी करून पाहण्यासारखी एक सोपी तपासणी आहे. कुणाचा तरी आधार घेऊन आधी टाचांवर आणि मग चवड्यांवर दहा पावले चाला. दुखणाऱ्या पायाला हे जमत नसेल आणि दुसऱ्या पायाला जमत असेल, तर ती नुसती कळ नाही, ताकद कमी झाली आहे. ही गोष्ट डॉक्टरांना फोनवरच सांगा.

बाजारातले दर

पुढचे आकडे ढोबळ आहेत. एकाच शहरात दोन गल्ल्यांमध्येही दुपटीचा फरक असतो. तरी अंदाज यावा म्हणून सांगते.

तालुक्याच्या आणि मध्यम जिल्ह्याच्या गावी एका सिटिंगचे २०० ते ४०० रुपये घेतात. पुणे, नाशिक, नागपूर, ठाणे इथल्या साध्या क्लिनिकमध्ये ४०० ते ८००. मुंबईच्या चांगल्या वस्तीत आणि खेळाडूंवर उपचार करणाऱ्या नावाजलेल्या केंद्रांत १,००० ते २,००० रुपये. पहिल्या भेटीचे, म्हणजे तपासणीचे, यापेक्षा थोडे जास्त घेतात. घरी येणारा फिजिओथेरपिस्ट ६०० ते १,५०० रुपये घेतो. व्हिडिओवरून सल्ला ३०० ते ६०० रुपयांत मिळतो. हाडांच्या डॉक्टरची भेट ५०० ते १,५०० रुपये. हे सगळे झाल्यावर ‘अॅड-ऑन’ सुरू होतात. ड्राय नीडलिंग, म्हणजे स्नायूत बारीक सुया टोचणे, प्रत्येक वेळी ३०० ते १,००० रुपये. टेपिंग २०० ते ५०० रुपये. आणि ‘स्पायनल डीकम्प्रेशन’ नावाचे संगणकावर चालणारे ट्रॅक्शनचे टेबल, ज्याची पॅकेजे २०,००० रुपयांपासून ६०,००० रुपयांपर्यंत जातात.

दर कमी-जास्त असण्यापेक्षा त्या पैशांत किती मिनिटे आणि कुणाची मिनिटे मिळतात, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. ३०० रुपयांत पंधरा मिनिटे शेक, पंधरा मिनिटे करंट आणि निघताना ‘भिंतीवरच्या तक्त्यातले व्यायाम करा’ असे मिळत असेल, तर ते महाग आहे. ९०० रुपयांत पदवीधर माणूस चाळीस मिनिटे फक्त तुमच्याबरोबर असेल, तर ते स्वस्त पडते. म्हणून फोन केल्यावर दर विचारण्याआधी विचारा, ‘‘एका वेळी तुम्ही किती पेशंट बघता, आणि व्यायाम कोण घेते?’’

तो माणूस शिकलेला आहे ना, हेही पाहा. फिजिओथेरपीची पदवी बीपीटी. बराच काळ ती चार वर्षांचे शिक्षण आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप अशी साडेचार वर्षांची होती. एमपीटी त्यापुढची दोन वर्षे. महाराष्ट्रात २००२च्या कायद्यानुसार व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांची राज्य परिषद आहे, आणि २०२१मध्ये केंद्राने या संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय कायदा केला. पावतीवर किंवा भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर नोंदणी क्रमांक असतो. तो विचारण्यात अपमान कसलाच नाही. सहा महिन्यांचे सर्टिफिकेट घेतलेला मशीन-चालक, मसाज करणारा किंवा ‘एका झटक्यात नस मोकळी करतो’ म्हणणारा यांच्या हाती मणका देऊ नका. पायातली ताकद आधीच कमी झाली असताना दिलेला झटका भारी पडू शकतो.

पहिल्या भेटीतच कळते

चांगली पहिली भेट अर्ध्या तासाहून कमी वेळात उरकत नाही. कळ कुठपर्यंत उतरते, कशाने वाढते, सकाळी जास्त की संध्याकाळी, काम काय करता, घरात जिने आहेत का, संडास भारतीय पद्धतीचा आहे का, हे सगळे विचारले जायला हवे. मग उताणे झोपवून पाय सरळ ठेवून वर उचलून पाहतात. कुठल्या अंशात कळ येते ते नोंदवतात. टाचांवर-चवड्यांवर चालवतात, पायाच्या अंगठ्याची ताकद बघतात, पावलावर कुठे बधिरपणा आहे ते चाचपतात, गुडघ्याखाली आणि टाचेमागे हातोडी मारतात. यातले काही न करता थेट मशीन लावले, तर ती तपासणी झालेली नाही. तिचे वेगळे पैसे घेतले असतील तर कशाचे, ते विचारा.

यानंतरची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. काही हालचाली तुमच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतात आणि कळ कुठे जाते ते बघतात. पालथे झोपून कोपरांवर उठणे, भुजंगासनासारखे हातांवर उठणे, कंबर एका बाजूला सरकवणे, अशा त्या हालचाली. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धत बांधली. तिचे मर्म एका निरीक्षणात आहे. पोटरीतली कळ मांडीत, मांडीतली नितंबात, नितंबातली कमरेत अशी वर सरकू लागली, तर कमरेत थोडे जास्त दुखले तरी ते चांगले लक्षण. उलट कळ खाली उतरू लागली, तर तो व्यायाम त्या दिवशी तुमचा नव्हे. ही दिशा सापडली की अर्धे काम झाले, आणि ती सापडायला एकही मशीन लागत नाही.

म्हणूनच शेजाऱ्याला गुण आलेले व्यायाम किंवा मोबाइलवरचा ‘सायटिकासाठी पाच आसने’ असा व्हिडिओ सरसकट उचलू नये. साठीच्या पुढे कण्यातली पोकळी अरुंद झाल्यामुळे पाय दुखणारे पुष्कळ असतात. चालले की त्यांचे पाय भरून येतात, वाकून बसले की बरे वाटते. त्यांना भुजंगासनाने बहुधा त्रास वाढतो. तिशीतल्या सरकलेल्या चकतीला नेमका वाकण्याचा त्रास असतो. दुखणे ‘कमरेतून पायात’ एवढेच सारखे, व्यायाम उलट.

शेक, करंट, वजन

आपल्याकडच्या क्लिनिकचे नेहमीचे जेवण म्हणजे शेक, आयएफटी (इंटरफेरेन्शियल) किंवा टेन्सचा करंट, अल्ट्रासाउंड आणि ट्रॅक्शन, म्हणजे कमरेला वजन लावणे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने कंबरदुखी आणि सायटिकावर २०१६मध्ये मार्गदर्शिका काढली. तिच्यात व्यायामाची शिफारस आहे, हाताने केलेल्या उपचारांना व्यायामाच्या जोडीनेच जागा आहे, आणि अल्ट्रासाउंड, टेन्स, इंटरफेरेन्शियल करंट, ट्रॅक्शन आणि कमरेचे पट्टे देऊ नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे इथल्या बिलातल्या बहुतेक ओळी तिथे नकोशा ठरल्या आहेत.

याचा अर्थ शेकाने बरे वाटत नाही असा नाही. वाटते, आणि त्या अर्ध्या तासात आखडलेले अंग सैल होऊन व्यायाम सोपा जात असेल तर शेक जरूर घ्या. पण तो घरी २०० रुपयांच्या गरम पाण्याच्या पिशवीने होतो. कमरेचा पट्टा ५०० ते १,५०० रुपयांना मिळतो. एसटीच्या लांब प्रवासापुरता कुणी लावला तर माझी हरकत नाही, दिवसभर बांधून ठेवायला तो नको. घरी टेन्सचे यंत्र घ्यायचा मोह होतो, त्याला दोन-तीन हजार पडतात; ते पैसे चार चांगल्या भेटींसाठी ठेवा. डीकम्प्रेशनच्या टेबलासाठी ४०,००० रुपये आगाऊ मागितले, तर मी स्वतः पाय मागे घेईन. साध्या ट्रॅक्शनचाच उपयोग पुरेसा सिद्ध झालेला नसताना पडद्यावर आकडे दिसतात म्हणून दहापट दर देण्याचे कारण मला दिसत नाही.

फिजिओथेरपिस्टांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. मशीन लावले नाही तर ‘काही केलेच नाही, नुसते व्यायाम सांगितले’ अशी पेशंटची तक्रार असते, असे अनेक जण सांगतात, आणि ते खरे आहे. बोलण्याचे, शिकवण्याचे पैसे द्यायला आपण तयार नसतो. मग भाडे आणि पगार निघावेत म्हणून तीन खाटांवर तीन मशीने चालतात. ज्याला चांगला उपचार हवा आहे त्याने आपणहून म्हटले पाहिजे, ‘‘करंट नको. तेवढा वेळ माझ्याकडून व्यायाम करून घ्या, फी तीच घ्या.’’ हे ऐकून खूश होणारे फिजिओथेरपिस्ट तुम्हाला वाटतात त्याहून जास्त आहेत.

दोन हिशेब

पुण्यातले मधले क्लिनिक धरू. तपासणीचे ८००, सिटिंगचे ६०० रुपये, रिक्षाचे जाऊन-येऊन १२०.

पहिला माणूस वीस दिवसांचे पॅकेज घेतो, सवलत मिळून १०,०००. वीस फेऱ्यांच्या रिक्षाचे २,४००. पट्टा ९००. झाले १३,३००. अर्ध्या दिवसाच्या रजा वेगळ्या. रोजंदारीवरच्या माणसाला तर हा आकडा बिलाहून मोठा.

दुसरा तपासणी करून घेतो आणि दोन महिन्यांत सहा वेळा जातो. पहिल्या आठवड्यात दोनदा, मग आठवड्याने, मग पंधरा दिवसांनी. व्यायाम रोज घरी, दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे. तपासणी ८००, सहा सिटिंगचे ३,६००, सात फेऱ्यांची रिक्षा ८४०, जमिनीवर अंथरायची चटई घरात असतेच. झाले ५,२४०. साध्या, ताकद न गेलेल्या सायटिकासाठी हा दुसरा हिशेब बहुतेकांना पुरतो. एकच अट आहे, घरी व्यायाम खरोखर झाला पाहिजे. आपण तो करणार नाही हे ज्याला माहीत आहे, त्याने क्लिनिकमधल्या भेटी वाढवाव्यात. तिथे देखरेखीला खरी किंमत आहे.

जास्त सिटिंग कुणाला लागतात? पाऊल किंवा पोटरी कमजोर झालेल्यांना, शस्त्रक्रिया झालेल्यांना, तोल जाणाऱ्या वृद्धांना, आणि दुखण्याच्या भीतीने महिनोन्‌महिने हालचाल बंद केलेल्यांना. त्यांच्यासाठी दहा-पंधरा भेटी अवाजवी नाहीत. कळ एवढी तीव्र असेल की रिक्षात बसवत नाही, तर पहिल्या एक-दोन भेटी घरी घ्याव्यात आणि चालता येऊ लागले की क्लिनिकमध्ये जावे. महिनाभर रोज घरी बोलावणे हा खर्च साध्या सायटिकात शोभत नाही.

फुकट किंवा जवळजवळ फुकट

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार निःशुल्क झाले आहेत. जिल्हा रुग्णालयात सहसा फिजिओथेरपीचा कक्ष असतो. वृद्धांच्या आरोग्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही त्याची सोय धरलेली आहे. रांग असते, सकाळ जाते, पण फी नाही. मुंबईत महापालिकेच्या केईएम, सायन आणि नायर रुग्णालयांत फिजिओथेरपीचे शिक्षणही चालते आणि बाह्यरुग्ण विभागही, तोही नाममात्र शुल्कात. हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५पासून आहे. नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात फिजिओथेरपी शिकवली जाते.

या यादीत मला विशेष भरवशाची वाटते ती फिजिओथेरपी महाविद्यालयांची ओपीडी. राज्यात अशी खासगी महाविद्यालये पुष्कळ शहरांत आहेत आणि तिथे सिटिंगचे ५० ते १५० रुपये पडतात. ‘विद्यार्थी हात लावणार’ म्हणून लोक नाक मुरडतात. पण इंटर्नकडे वेळ असतो, तो तपासणी पायरीपायरीने करतो कारण त्याला ती शिक्षकाला दाखवायची असते, आणि शिक्षक मागे उभे असतात. घाईतल्या क्लिनिकपेक्षा इथे तुमच्याकडे जास्त लक्ष दिले जाण्याची शक्यता आहे.

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले, राज्य कामगार विम्याचे सभासद, यांनी विमा रुग्णालयात आधी चौकशी करावी. पगारातून वर्गणी कापली जाते आणि दवाखाना मात्र खासगी, असे कितीतरी घरांत चालते.

पैसे लागू पडताहेत का?

‘आज दहापैकी किती दुखते?’ एवढाच प्रश्न दर वेळी विचारला जात असेल तर प्रगती कळणार नाही. कळ दिवसागणिक वर-खाली होते. विचारायचे ते कामाबद्दल. किती वेळ बसता येते? न थांबता किती चालता? रात्री कितीदा जाग येते? लोकलचा पूल चढता येतो का? पाण्याची कळशी, गॅसचा सिलिंडर, नातवाला उचलणे, यातले काय जमते?

यासाठी जगभर वापरली जाणारी ऑस्वेस्ट्री नावाची प्रश्नावली आहे आणि तिची मराठी आवृत्ती तपासून प्रमाणित झालेली आहे. दहा विभाग, प्रत्येकाला ० ते ५ गुण. बेरीज दुप्पट केली की शेकडा किती अडथळा आहे ते मिळते. पाच-सात मिनिटांचे काम. पहिल्या दिवशी ती भरून मागा आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा भरा. ५०वरून ३८वर आले तर गाडी पुढे चालली आहे. तीन आठवडे व्यायाम मनापासून करूनही आकडा हलला नाही, तर उपचार बदला किंवा माणूस बदला. त्याच पद्धतीची आणखी दहा सिटिंग विकत घेऊ नका.

फिजिओथेरपिस्टने तुमच्या दिवसात डोकावले पाहिजे, असे मी म्हणते ते यामुळेच. अंथरुणातून उठताना कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताने रेटा देत उठणे. बादली भरून एकदम न उचलता अर्ध्या-अर्ध्या दोन करणे. केर काढायला लांब दांड्याचा झाडू. शौचासाठी महिना-दीड महिना १,००० ते २,५०० रुपयांची कमोडची खुर्ची. भाजी निवडायला जमिनीऐवजी टेबल. अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे चालणे. खड्ड्यांतून दुचाकी चालवणाऱ्याला काही आठवडे बस सुचवणे. निंदणी करणाऱ्या बाईला ‘वाकू नका’ म्हणून उपयोग नाही. तिला ओणवे राहण्याऐवजी एक गुडघा टेकून काम कसे करायचे, मधे कितीदा उभे राहून कंबर मागे न्यायची, हे तिथेच करून दाखवावे लागते. दुकानदाराला, शिंप्याला, बसचालकाला वेगळे. घरकाम करणाऱ्या बाईला ‘आराम करा’ असे सांगून पाठवणे म्हणजे काहीच न सांगणे, कारण तिच्या घरी तिची बदली नसते. तिच्या ओट्याची उंची विचारणारा फिजिओथेरपिस्ट मिळाला तर त्याला धरून राहा. आणि अंथरुणात पडून राहणे हा सायटिकाचा उपचार नव्हे. पहिले एक-दोन दिवस असह्य असतील तर ठीक, पुढे थोडे थोडे चालणेच बरे करते.

एमआरआय, विमा, पावती

लघवीची किंवा ताकदीची तक्रार नसेल तर पहिल्या काही आठवड्यांत एमआरआयची घाई नसते. खासगीत कमरेच्या एमआरआयला ३,५०० ते ८,००० रुपये पडतात. अहवालात ‘बल्ज’, ‘डीजनरेशन’ असे शब्द आले की माणूस घाबरतो. पण कंबर अजिबात न दुखणाऱ्यांच्या स्कॅनचा एकत्रित आढावा २०१५मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांमध्ये फुगलेली चकती दिसली होती. इंजेक्शन किंवा शस्त्रक्रियेचा विचार सुरू झाला की एमआरआय कामाचा, नुसती खात्री करून घ्यायला नव्हे.

आरोग्य विम्याची साधी पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावर लागू होते. क्लिनिकमधली सिटिंग त्यात बसत नाहीत. ओपीडीचे वेगळे कलम घेतले असेल तरच मिळतात. ‘दोन दिवस भरती व्हा, फिजिओथेरपी क्लेममध्ये बसवू’ असे कुणी सुचवले तर नको म्हणा. केवळ तपासण्या किंवा पुनर्वसनासाठी केलेली भरती हा पॉलिसीतला ठरलेला अपवाद आहे आणि क्लेम नाकारला तर बिल तुमच्या गळ्यात. शस्त्रक्रिया झाली तर मात्र नंतरच्या ठरावीक दिवसांतली, पुष्कळ पॉलिसींत ६० दिवसांतली, फिजिओथेरपी मागता येते. डॉक्टरांचा लेखी सल्ला आणि तारीखवार पावत्या लागतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनाही भरतीच्या उपचारांसाठी आहे. जुन्या करप्रणालीत, साठीच्या पुढच्या ज्या आईवडिलांचा आरोग्य विमा नाही त्यांच्या उपचारांवरचा ५०,००० रुपयांपर्यंतचा खर्च ‘८०डी’ सवलतीत दाखवता येतो, पण रोख दिलेला चालत नाही. म्हणून यूपीआय करा आणि पावती घ्या.

पॅकेज घेतलेच तर लेखी घ्या. किती सिटिंग, प्रत्येकी किती मिनिटे, कोण घेणार, मुदत किती आणि मधेच थांबलात तर उरलेले पैसे कसे परत, हे कागदावर हवे. पाच-सहा सिटिंगपेक्षा जास्त पैसे आगाऊ देऊ नका. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पावती न देणे आणि सदोष सेवा थांबवून पैसे परत करायला नकार देणे या अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्येच सांगितले आहे. आधी क्लिनिकला लेखी पत्र, मग १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन क्रमांक, मग तुम्ही राहता त्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही.

सहा आठवडे झाले, कळ तशीच

मग पुन्हा डॉक्टर. नसेच्या मुळाशी देण्याच्या इंजेक्शनला खासगीत १५,००० ते ४०,००० रुपये लागतात, काहींना त्याने काही आठवड्यांचा आराम मिळतो आणि व्यायाम शक्य होतो. चकतीच्या शस्त्रक्रियेला १ लाखापासून ३ लाखांपर्यंत. नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका सोसलेल्या २८३ जणांवर अभ्यास झाला होता, त्याचे निष्कर्ष २००७मध्ये आले. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के लोक बरे झाले होते. थांबलेल्या गटातल्या ३९ टक्क्यांनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतली. म्हणजे ताकद शाबूत असेल तर थांबणे सुरक्षित आहे आणि सोसवत नसेल तर शस्त्रक्रिया करणे हाही चुकीचा निर्णय नाही. ज्याला दुखते त्याने ठरवायचे. त्याच्यावर घाई लादणारा आणि ‘ऑपरेशन केले की माणूस कायमचा अधू’ म्हणून घाबरवणारा, दोघेही त्याचे नुकसान करतात.

आराम पडल्यावर लोक शेवटची भेट टाळतात, कारण दुखत नसताना पैसे कशाला द्यायचे. ती भेट घ्याच. सायटिका पुन्हा डोके वर काढू शकते आणि पहिल्या दोन दिवसांत काय करायचे हे माहीत असेल तर पुढची वीस सिटिंग वाचू शकतात. त्या भेटीत एका कागदावर लिहून मागा. रोजचे व्यायाम कोणते आणि किती काळ, चालणे कसे वाढवायचे, कळ पुन्हा आली तर कोणत्या हालचालीपासून सुरुवात, काय दिसले तर वाट न पाहता रुग्णालय. आणि तोच व्यायाम तुमच्याकडून एकदा करून घेऊन, मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून ठेवा.